वाचक विचारतात : कडक, पण खिशाला झेपणारी सिगार

गेल्या अंकात सिगारच्या प्रकारांची ओळख करून दिल्यावर बरीच पत्रे आली. बहुतेकांचा सूर एकच : हाताने वळलेली, जहाल, पण फार महाग नसलेली सिगार घेतली, आता ती चांगली की वाईट हे ठरवायचे कसे? निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो. धूर छातीत घेतला नाही, तरी तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. हे सदर ओढणाऱ्यांसाठी आहे. न ओढणाऱ्यांनी ते वाचून सुरुवात करू नये.

दुकानदाराने ‘फुल-बॉडीड’ म्हणून निकारागुवाची काळीभोर सिगार दिली. पहिल्या दोन झुरक्यांत नाकातोंडात मिरे फुटल्यासारखे झाले, नंतर मात्र ती गोडसर लागली. मग ही कडक म्हणायची की नाही? – वाचक, पुणे

‘कडक’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो, घोळ तिथेच होतो. चहाचे उदाहरण घ्या. पत्ती जास्त उकळली की चहा कडक होतो, दूध आटवले की दाट होतो आणि आले ठेचून घातले की तिखट होतो. कडक चहा दाट असेलच असे नाही आणि आल्याचा चहा कडक असेलच असेही नाही. सिगारमध्ये कडकपणा म्हणजे निकोटिनचा जोर; तो जिभेवर नाही, पोटात आणि डोक्यात कळतो. दाटपणा, म्हणजे दुकानदाराची ‘बॉडी’, ती धूर तोंडात किती भरीव लागतो यावर ठरते. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष चव : मिरे, कोको, भाजलेली कॉफी, चामडे, ओली माती, देवदार.

तुम्हाला लागले ते मिरे, म्हणजे चव. ते नाकात सर्वात जास्त झोंबते आणि पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरनंतर ओसरते. निकारागुवातल्या एस्तेली खोऱ्याच्या तंबाखूची ही ओळखीची खूण आहे. निकोटिनचे म्हणाल, तर सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते आणि सावकाश चढते. म्हणून कडकपणाचा निकाल अर्धी सिगार संपल्याशिवाय देऊ नये. अर्ध्यावर कपाळाला घाम, उचकी किंवा मळमळ नसेल, तर सिगार मध्यम. मिऱ्यांचे काही का असेना.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. रॅपर म्हणजे सिगारचे सर्वात बाहेरचे पान. काळा ‘मादुरो’ रॅपर म्हणजे जास्त उष्णतेत, जास्त काळ आंबवलेले पान. त्या आंबवण्यात तिखटपणा मरतो आणि गोडसर, कोकोसारखी चव येते. काळी सिगार सौम्य आणि फिकट तपकिरी सिगार जहाल, हे नेहमीचे आहे.

जोर ठरतो आतल्या पानावर. तंबाखूच्या झाडाची खालची पाने व्होलादो : पातळ, पटकन पेटणारी, चवीला बेताची. मधली सेको, सुवासाची. वरची लिगेरो, त्यांना ऊन सर्वात जास्त मिळते, ती जाड, तेलकट असतात आणि हळू जळतात. जोर लिगेरोचा. ती हळू जळते म्हणून वळणारा कारागीर तिला बरोबर मधोमध ठेवतो. ती बाजूला सरकली की सिगार एका अंगाने जळत जाते, आणि लोक दोष लायटरला देतात.

निकारागुवाचेच नाव पुन्हा पुन्हा का येते, असेही दोघांनी विचारले आहे. १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला. क्युबा सोडलेल्या तंबाखूवाल्यांनी तिथल्या वाणांचे बी मध्य अमेरिकेत लावले. एस्तेली खोऱ्यातल्या काळ्या, ज्वालामुखीच्या मातीत ते पान दणकट निघाले. उत्तरेकडच्या हालापा खोऱ्यात तेच पान गोडसर होते. म्हणून चांगल्या निकारागुवन मिश्रणात बहुधा दोन्ही असतात, जोर एस्तेलीचा आणि गोडी हालापाची.

चव पारखायची क्रमवार पद्धत सांगाल का? मी आणि दोन मित्र एकच सिगार ओढतो आणि तिघांची तीन मते निघतात. – वाचक, ठाणे

तीन मते निघण्यात गैर काही नाही, पण तिघांनी ती एकाच परिस्थितीत ओढली आहे का, हे आधी बघा. एक जेवून आलेला, एक उपाशी आणि एकाच्या तोंडात मघाई पान, असे असेल तर मत सिगारचे नाही, तोंडाचे आहे.

माप ठरवून घ्या. पारखायला रोबुस्तो सर्वात सोयीची : ५ इंच लांब, रिंग गेज ५०. रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी जवळपास २० मिलिमीटर. ती ४५ मिनिटे ते तासभर चालते. जेवणानंतर तास-दीड तासाने बसा. कडक सिगार रिकाम्या पोटी कधीच नको. खोलीत उदबत्ती, फोडणीचा वास, अत्तर नको. प्यायला साधे पाणी. व्हिस्की किंवा कॉफी दुसऱ्या खेपेला, कारण दोन्हींची चव सिगारच्या नावावर जमा होते.

पेटवण्याआधीची पाच मिनिटे कोणी देत नाही, आणि निम्मी माहिती तिथेच असते. अंगठा आणि दोन बोटांत धरून सिगार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच दाबत न्या. ती सगळीकडे सारखी, किंचित लवचीक लागली पाहिजे. एके ठिकाणी खडा लागला तर तिथे पान गुंतले आहे आणि धूर अडणार. एके ठिकाणी पोकळ लागली तर तिथे ती तापणार आणि कडू होणार. कुरकुर आवाज आला तर कोरडी, ओल्या स्पंजासारखी दबली तर दमट. रॅपरची शीर जाड असली तरी चालते, पण ती फुगून वर आलेली असेल तर तिथे जळण अडखळते.

मग टोपी कापा. टोपी म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर चिकटवलेला पानाचा तुकडा. त्याची कड जिथे संपते त्या रेषेच्या वर, दीड ते दोन मिलिमीटर, एका झटक्यात. रेषेखाली कापले की रॅपर सुटत जातो; सिगार उलगडण्याचे सर्वात मोठे कारण हेच. पातेही बोथट नको. कापल्यावर न पेटवता दोन-तीनदा ओढून बघा. जाड स्ट्रॉमधून ताक ओढताना लागतो तितकाच जोर लागावा. याच कोरड्या ओढीत मनुका, सुके गवत, कोको असे काही लागले तर लिहून ठेवा.

पेटवायला गॅसचा लायटर घ्या. पेट्रोलच्या लायटरचा वास आणि मेणबत्तीचे मेण पहिल्या दहा मिनिटांची चव खाते. काडी वापरायची तर तिचे गुल पूर्ण जळू द्या. टॉर्च लायटरची (जोरदार निळी ज्योत फेकणाऱ्या लायटरची) ज्योत सिगारला टेकवू नका. दीड-दोन सेंटिमीटर लांब धरून सिगार फिरवत राहा. कड सगळीकडून राखाडी होऊन आत निखारा दिसला की मगच तोंडात धरा, आणि ओढताना आणखी एकदा ज्योत फिरवा.

झुरका मिनिटाला एक. याहून घाई केली तर निखारा तापतो, आणि तापलेली कोणतीही सिगार कडूच लागते. स्वस्त सिगारच्या नावाने होणाऱ्या निम्म्या तक्रारी या घाईच्या असतात. धूर तोंडातच फिरवा, छातीत नाही. दर चार-पाच झुरक्यांमागे एकदा धूर तोंडातून बराचसा सोडून द्या आणि उरलेला थोडा नाकावाटे बाहेर काढा. सुवास जिभेला कळत नाही, नाकाला कळतो. जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी सांगते. कडक सिगारचा सगळा धूर नाकातून काढायचा प्रयत्न मात्र करू नका. डोळ्यांतून पाणी येईल आणि चव काहीच कळणार नाही.

नोंदी तीन टप्प्यांत करा : पहिला तिसरा भाग, मधला, शेवटचा. प्रत्येक टप्प्याला चार-पाच शब्द पुरेत, फक्त ते तुमच्या स्वयंपाकघरातले असू द्या. विलायती फळांची नावे लिहून काही साधत नाही. काळे मिरे, भाजलेले शेंगदाणे, करपलेला गूळ, सुके खोबरे, जायफळ, पहिल्या पावसाची माती. हे शब्द तिघांनाही सारखे कळतात, म्हणून मते जुळायला लागतात. तोंडाला कोरड पडली तर ‘तुरट’, घशाला लागली तर ‘खवखव’, आणि कडवटपणा पाण्याच्या घोटानेही गेला नाही तर ‘करपट’. हे तिन्ही दोष वेगवेगळे आहेत, एकत्र करू नका.

आणि शेवटचा तिसरा भाग सोडू नका. पहिला भाग जवळजवळ प्रत्येक सिगारचा बरा असतो. जळताना तयार होणारा ओलावा आणि डांबर मागे सरकत शेवटाकडे साठते. कच्चे किंवा अर्धवट मुरलेले पान असेल तर ते इथे उघडे पडते. परवडणारी सिगार खरी कळते ती इथे.

मी न्यू जर्सीत राहतो. इथे ६ डॉलरची आणि १८ डॉलरची सिगार शेजारी शेजारी असते, दोन्हींवर ‘हॅन्डमेड’. स्वस्त सिगारमध्ये नेमके कुठे वाचवलेले असते? – वाचक, अमेरिका

चार ठिकाणी, आणि त्यातली दोनच तुमच्या तोंडापर्यंत पोहोचतात.

पहिले, दिखावा. लाकडी पेटी, सोनेरी बँड (सिगारभोवतीची कागदी पट्टी), जाहिरात. १० किंवा २० सिगारची नुसती जुडी सेलोफेनमध्ये बांधून विकली की हा खर्च जातो आणि चवीत फरक पडत नाही. ‘सेकंड्स’ म्हणून मिळणारा माल बहुधा रॅपरच्या रंगात किंवा डागात नापास झालेला असतो. कडक सिगारसाठी तो आम्हाला वावडा नाही.

दुसरे, रॅपर. सौम्य सिगारचा तलम, सोनेरी रॅपर कापडाच्या मांडवाखाली वाढवावा लागतो आणि एकेक पान खुडावे लागते. उलट कनेक्टिकट ब्रॉडलीफ हे मादुरोसाठी वापरले जाणारे रुंद पान उघड्या उन्हात वाढते आणि अख्खे झाडच कापतात. मेक्सिकोतल्या सान आन्द्रेसचे पानही जाड, खडबडीत, भरपूर आंबवण सोसणारे. दणकट मिश्रणाला असा राकट रॅपर शोभतो, त्यामुळे सहा डॉलरांत सौम्य आणि नाजूक सिगार चांगली मिळणे अवघड, पण जहाल सिगार चांगली मिळू शकते. मात्र मादुरो खरा आहे का ते बघा. ओला पांढरा टिश्यू रॅपरवर हलकेच फिरवा. किंचित तपकिरी छटा चालते. काळा रंग उतरला तर पानाला रंगवले आहे. ओठांना साखरेसारखी गोडी लागली तर टोपीला गोड पाणी लावले आहे.

तिसरे, आतले पान. उत्तम सिगारमध्ये पाने टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात. स्वस्तात बाहेरून एक-दोन अखंड पाने आणि आत कापलेले तुकडे भरतात. तेही हातानेच वळलेले असते, म्हणून ‘हॅन्डमेड’ खोटे नाही. ओळखायची खूण : राख दोन-अडीच सेंटिमीटर टिकायच्या आत भुगा होऊन पडते, तोंडात तंबाखूचे कण येतात आणि सिगार मध्यानंतर एकदम तापते. अशी सिगार बागकाम करताना ओढायला ठीक, पण ती प्रीमियम नव्हे.

चौथे, मुरवण. पान आंबताना अमोनिया सुटतो आणि तो जायला वेळ द्यावा लागतो. घाईने बाजारात आणलेल्या सिगारचा वास फिनेलने धुतलेल्या मुतारीसारखा येतो. दुसरा शब्द नाही. नाकात चुरचुर आणि घशात खवखव ही त्याचीच. हा दोष तुम्ही घरी घालवू शकता. सेलोफेनची टोके उघडून ६५ टक्के आर्द्रतेत दोन-तीन महिने विसरून जा.

तुलनेसाठी एक मोजपट्टी हवी असेल तर पाद्रोन कंपनीची ‘२०००’ ही सिगार घ्या. बरोबर ५ बाय ५०, सगळी तंबाखू निकारागुवाची, फिक्या आणि मादुरो अशा दोन्ही रॅपरमध्ये मिळते, बँड साधा. नवी स्वस्त सिगार तिच्या शेजारी ओढली की काय कमी आहे ते पटकन कळते. आणि किंमत बघताना कर वगळून बघा. फ्लोरिडात सिगारवर राज्याचा तंबाखू कर नाही, तुमच्याकडे आहे. तेवढा फरक सिगारच्या गुणात धरू नका.

मुंबईच्या पावसाळ्यात सिगार सारखी विझते, एका बाजूने जळते, रॅपर फुटतो. फ्रिजमध्ये ठेवू का? – वाचक, दादर

फ्रिजमध्ये नको. फ्रिज सिगार कोरडी करतो आणि वर कांद्याचा वास देतो. तुमचा त्रास कोरडेपणाचा नाही, दमटपणाचा आहे. पावसात हवेची आर्द्रता ८५–९० पर्यंत जाते. सिगारला हवी ६५ ते ७०, आणि जाड लिगेरो असलेल्या कडक सिगारला आम्ही ६५ च म्हणू. ओले पान जळत नाही, म्हणून विझते. आतले पान फुगते, म्हणून रॅपर फुटतो.

महागडा ह्युमिडॉर (सिगार ठेवायची खास पेटी) लागत नाही. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, नवा आणि वासरहित. त्यात ६५ टक्क्यांचे दुहेरी काम करणारे आर्द्रता-पाकीट (कमी असेल तर ओल देते, जास्त असेल तर शोषते) आणि एक लहान आर्द्रतामापक. मापकावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा, मापकासोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. ७० दाखवला तर तो पाचने कमी दाखवतो, तेवढे जमेस धरा. डबा आठवड्यातून एकदा मिनिटभर उघडा. दमट सिगार ताळ्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवून घाई केलीत तर बाहेरचे पान आकसेल, आतले फुगलेलेच राहील, आणि रॅपर नक्की तडकेल.

उन्हाळ्यात दुसरी भीती, तंबाखूतल्या किड्याची. उष्णता वाढली की पानातली अंडी फुटतात. टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली की समजा. भोक पडलेल्या सिगार फेका. बाकीच्या दोन पिशव्यांत घट्ट बंद करून तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. थेट बाहेर काढल्या तर तडकतात. पांढरे केसाळ ठिपके ही मुरल्याची खूण आहे असे दुकानदार सांगतो. ती जवळपास नेहमी बुरशीच असते.

एका बाजूने जळण्याबद्दल : चार-पाच मिलिमीटरचा फरक असेल तर हात लावू नका, मागे राहिलेली बाजू खाली येईल अशी सिगार फिरवून धरा. सेंटिमीटरभर झाला तर त्या बाजूला नुसती ज्योत दाखवा. तीन-चारदा असे करावे लागले तर दोष वळणाऱ्याचा, तुमचा नाही. वहीत तसे लिहा.

आम्ही शंभरपैकी गुण देतो, पण एकाच पेटीतल्या दोन सिगारना ९१ आणि ७८ पडले. खरे काय मानायचे? – वाचक, नाशिक

७८. म्हणजे, पेटीचा गुण तिच्यातल्या वाईट सिगारकडून ठरवा. स्वस्त सिगारचा मुख्य अवगुण चव नसून सातत्याचा अभाव हा आहे. एका सिगारवरून मत देऊ नका. निदान तीन ओढा, वेगवेगळ्या दिवशी. बँड दुसऱ्या कुणाला काढायला लावा आणि त्याने बँडच्या जागी चिठ्ठीवर १, २, ३ असे क्रमांक घालावेत. बँड बघून ओढले की किंमत चवीत मिसळते.

आमची वाटणी अशी : दिसणे आणि हाताला लागणे १०, ओढ आणि जळण ३५, चव ४०, शेवटचा तिसरा भाग १५. शेवटच्या भागाला वेगळे गुण का, ते वर आलेच आहे. किमतीला गुण नाहीत. ती आकड्याशेजारी लिहायची, वाचणारा ठरवेल.

निपाणीची तंबाखू किंवा तिरुचिरापल्लीचा चिरूट यांच्याशी या सिगारची तुलना होते का? – वाचक, कोल्हापूर

थोडीशीच. निपाणीची तंबाखू बिडीची. ती चुरून तेंदूच्या पानात भरतात, अख्ख्या पानाचे वळण त्यात नाही. चिरूट हा मात्र सिगारचा सख्खा भाऊ. शब्दही तमिळ ‘सुरुट्टु’वरून, म्हणजे ‘गुंडाळलेले’. दोन्ही टोके उघडी, टोपी नाही, म्हणून कापायची गरज नाही. एकच मोजपट्टी लावायची तर जळण आणि ओढ यांची लावा, चवीची नको.

मळमळ झाली तर काय करावे? आणि अर्धी सिगार दुसऱ्या दिवशी पेटवली तर चालते का? – वाचक, नागपूर

मळमळ, घाम, हात थंड पडणे ही निकोटिन जास्त झाल्याची लक्षणे. सिगार लगेच खाली ठेवा, बसून राहा, पाणी प्या. गुळाचा खडा तोंडात धरायचा रिवाज आहे. गाडी चालवू नका. उलट्या थांबल्या नाहीत किंवा छातीत धडधड राहिली तर डॉक्टर. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, हे विसरले जाते.

दुसऱ्या दिवशी नको. विझलेल्या टोकाचे डांबर रात्रभरात मागच्या पानात उतरते. तास-दोन तासांत पेटवायची असेल तर राख झाडा, विझवण्याआधी एकदा हलकेच उलटी फुंकर मारून आतला जुना धूर काढा, आणि पेटवताना काळे झालेले टोक अर्धा सेंटिमीटर कापून टाका.